वाचन परवडते, शोध मात्र घ्यावा लागतो

(चिंचवड येथे औद्योगिक परिसरातील कुटुंबांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



चांगली मराठी कथा-कादंबरी परवडणाऱ्या दरात कशी मिळवावी, आणि त्यासाठी ई-पुस्तकाचे माध्यम कसे वापरावे, हा आजचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो किरकोळ वाटेल. देशापुढे एवढे प्रश्न असताना कादंबरीच्या किमतीची चर्चा कशाला, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु एखादा समाज कोणत्या भाषेत स्वतःकडे पाहतो आणि त्याची मुले कोणत्या भाषेत कल्पना करतात, हा प्रश्न किरकोळ नव्हे. तो आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात तर अधिकच तीव्रतेने उभा आहे.

आपल्या परिसराचा इतिहास आपण जाणतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाहता पाहता भोसरी, आकुर्डी, चिंचवडची शिवारे कारखान्यांनी भरून गेली. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे उद्योगाने इंद्रायणी ओलांडली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि ज्या चाकणचे नाव आपण फिरंगोजी नरसाळ्यांच्या संग्रामदुर्गाबरोबर घेत असू, ते मोटारगाड्यांच्या संदर्भात जगभर घेतले जाऊ लागले.

या कारखान्यांत काम करण्यासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून माणसे आली. गावी देऊळ होते, तालीम होती, एखादे छोटे वाचनालय होते. येथे पाळी आहे, ओव्हरटाइम आहे, घराचा हप्ता आहे. निगडीहून चाकणला जाणारी कंपनीची बस मोशीच्या पुढे कोंडीत अडकली की जाण्या-येण्यात दोन-अडीच तास सहज जातात. ग्रंथालयाच्या वेळा आणि दुसऱ्या पाळीच्या वेळा यांचा मेळ बसत नाही. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी बोलता येते, परंतु सलग दहा पाने वाचावयाची म्हटले की अडखळतात. त्यांच्या पुढच्या पिढीचे काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

याच भूमीत, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दोन्ही गोष्टींचा आपणांस अभिमान आहे. मात्र भाषेचा दर्जा शासन जाहीर करते आणि भाषेचे आयुष्य घराघरांत ठरते.

स्वस्त वाचनाची आपली परंपरा

स्वस्त पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, असा एक गैरसमज आढळतो. मराठी कादंबरीचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपर्यंत गेली. एका बालविधवेचे दुःख सांगणारी, मराठी कादंबरीला वास्तवाच्या भूमीवर उभी करणारी ही कृती बांधीव ग्रंथ होण्यापूर्वी साप्ताहिकाच्या पानांवर लोकांनी वाचली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि एका अंकाच्या किमतीत अनेक लेखकांच्या कथा घरी येऊ लागल्या. ती प्रथा आजतागायत टिकून आहे. गोरखपूरच्या गीता प्रेसने १९२३ पासून अल्प मूल्यात ग्रंथ देऊन ते किती दूरवर पोहोचू शकतात हे दाखवून दिले.

तेव्हा थोड्या पैशांत उत्तम वाचणे यात कमीपणा नाही. माध्यम बदलत आले आहे आणि प्रत्येक वेळी नव्या माध्यमाने वाचकांचा नवा वर्ग घडविला आहे. ई-पुस्तकाकडे आपण या दृष्टीने पाहिले पाहिजे.

ई-पुस्तक स्वस्त का असते?

छापील पुस्तकाच्या किमतीत कागद, छपाई, बांधणी, गोदाम, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा वाटा मोठा असतो. मराठी कादंबरीची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची. छपाईपूर्वीचा सारा खर्च या थोड्या प्रतींवर विभागला जातो, म्हणून प्रत्येक प्रत महाग पडते. ई-पुस्तकात कागद आणि गोदाम राहत नाही. लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि विक्री-व्यवस्थेचा वाटा मात्र राहतो. म्हणून ई-पुस्तक बहुतेक वेळा छापील प्रतीपेक्षा स्वस्त असते, परंतु ते फुकटच असावे ही अपेक्षा न्याय्य नाही.

करांचाही येथे संबंध येतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा छापील पुस्तके करमुक्त राहिली आणि ई-पुस्तकांवर १८ टक्के कर बसला. २०१८ मध्ये, ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांपुरता तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

मराठी ई-पुस्तके उशिरा का आली, यामागे एक तांत्रिक कारण आहे आणि त्याचा संबंध पुण्याशीच आहे. आपल्या प्रकाशकांनी अनेक वर्षे पुण्यातच विकसित झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत अक्षरजुळणी केली. त्यांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली. पण त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने तो सरळ ई-पुस्तकात उतरत नाही. रूपांतर करावे लागते आणि पुन्हा मुद्रिते तपासावी लागतात. म्हणूनच पुष्कळ मराठी ई-पुस्तके ही छापील पानांची केवळ चित्रे असतात. ती मोबाइलच्या लहान पडद्यावर मोठी करून, डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागतात. ज्यात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप जुळतात, ते खरे ई-पुस्तक. खरेदीपूर्वी नमुना पाने उघडून ही एक गोष्ट अवश्य पडताळावी.

विनामूल्य आणि विधिसंमत

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. प्रारंभ विनामूल्य साहित्यापासून करावा.

आपल्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क राहतो. त्यानंतर ते लेखन सर्व समाजाचे होते. या हिशेबाने हरि नारायण आपटे (निधन १९१९), नाथमाधव (१९२८), श्रीधर व्यंकटेश केतकर (१९३७), वामन मल्हार जोशी (१९४३) आणि साने गुरुजी (१९५०) यांचे साहित्य आज कोणासही मुक्तपणे वाचता, छापता आणि वाटता येते. बा. सी. मर्ढेकरांचे निधन १९५६ मध्ये झाले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. मर्ढेकर कवी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' आणि 'पाणी' या त्यांच्या कादंबऱ्या मात्र फार थोड्यांनी वाचलेल्या असतात. नाथमाधव सिंहगडावरून पडून कायमचे अपंग झाले आणि त्यानंतर त्यांनी आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. दहावी-बारावीतील मुलांच्या हाती त्यांची शिवकालावरील कादंबरी देऊन पाहावी. मोबाइलवरील खेळ काही काळ तरी बाजूला पडतो.

हे साहित्य कोठे मिळेल? मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी अनेक जुने ग्रंथ अक्षर न् अक्षर टंकित करून ठेवले आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रती आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. त्यांत वैचारिक आणि चरित्रात्मक ग्रंथ अधिक आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था अनेक वर्षे मराठी पुस्तके पीडीएफ रूपात वाचकांना विनामूल्य पोहोचवीत आली आहे. त्यांत आजच्या लेखकांनी स्वेच्छेने दिलेल्या कथा-कादंबऱ्याही आहेत. प्रतिलिपीवर नवोदितांच्या कथा वाचावयास मिळतात. तेथे सोने आणि माती एकत्र असते, निवड आपणच करावी लागते. पण नव्या पिढीची मराठी कशी आहे, हे तेथे कळते.

जगात ई-पुस्तकाचा प्रारंभच अशा लोकार्पणातून झाला. १९७१ मध्ये मायकेल हार्ट या अमेरिकन तरुणाने विद्यापीठाच्या संगणकावर आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभे राहिले. आपल्याकडे संगणक हाताळणारे हजारो तरुण अभियंते या परिसरातच आहेत. आठवड्यातील एक तास दिला तरी हरिभाऊंच्या काळातील एखादे पुस्तक वर्षभरात शुद्ध स्वरूपात महाजालावर येऊ शकेल. ही भाषेची सेवा आहे आणि तिला निधी लागत नाही.

समकालीन साहित्याचा शोध

आजच्या लेखकांचे साहित्य विकतच घ्यावयाचे आहे. पुण्याच्या बुकगंगावर मराठी छापील पुस्तकांबरोबर ई-पुस्तकेही मिळतात. डिसेंबर २०१६ मध्ये अमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली. त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावेच लागते असे नाही, मोबाइलवरही ती वाचता येतात. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या प्रकाशकांनी आपल्या अनेक पुस्तकांच्या ई-आवृत्त्या काढल्या आहेत. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले तेव्हा मराठी ही त्याच्या पहिल्या भाषांपैकी एक होती. ऐकण्याचे हे माध्यम बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यास आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या गृहिणीस विशेष सोयीचे आहे. आपली श्रवणाची परंपरा तर ज्ञानेश्वरी-पारायणापासूनची. आळंदी-देहू येथून हाकेच्या अंतरावर आहेत.

परंतु खरी अडचण निवडीची आहे. दुकानात पुस्तक हाताळता येते, विक्रेता दोन शब्द सांगतो. पडद्यावर शेकडो मुखपृष्ठे एकामागोमाग सरकतात आणि ज्याची जाहिरात अधिक ते वर दिसते. अशा वेळी काही आधार ठेवावेत.

पहिला आधार साहित्य अकादमीच्या पुरस्कारांचा. मराठीत २०१२ मध्ये जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला तो मिळाला. गिरणगावातील कामगारांचे उद्ध्वस्त होणे ज्यांनी लिहिले, त्या लेखकाच्या कथा औद्योगिक पट्ट्यातील वाचकाने वाचल्याच पाहिजेत. २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला, २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला, २०२२ मध्ये प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला आणि २०२३ मध्ये कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला हा पुरस्कार मिळाला. लोमटे यांच्या कथांत मराठवाडा आहे. परभणी-हिंगोलीहून चाकणला आलेल्या कुटुंबास त्यांत आपले गाव भेटेल. 'रिंगाण'मध्ये धरणामुळे उठलेली माणसे आहेत. उद्योगासाठी जमीन गेलेल्या आपल्या परिसरास ते दुःख परके नाही. या लेखकांच्या सर्वच मतांशी आपण सहमत असू असे नाही. साहित्य सहमतीसाठी वाचावयाचे नसतेच. समाजाचे जे अंग आपणांस दिसत नाही ते पाहण्यासाठी ते वाचावयाचे असते.

दुसरा आधार अनुवादांचा. डॉ. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत आपल्याच होऊन गेल्या आहेत. इतर भारतीय भाषांतील लेखकांकडे जाण्याचा तो राजमार्ग आहे. तिसरा आधार दिवाळी अंकांचा. एखाद्या लेखकाची कथा अंकात आवडली की त्याचे नाव टिपून ठेवावे आणि मग पुस्तक शोधावे. चौथा आधार आपल्या ग्रंथपालांचा. कोणते पुस्तक वाचक परत परत मागतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

वर नमूद केलेले प्रत्येक पुस्तक ई-रूपात असेलच असे नाही. नसेल तर प्रकाशकास एक पत्र लिहावे. मागणी आहे असे दिसल्याशिवाय कोणताही व्यावसायिक रूपांतराचा खर्च करणार नाही. किमतीविषयी आणखी एक सूचना: २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि दिवाळी या सुमारास सवलती जाहीर होत असतात. हवी ती पुस्तके आधीच यादीत लिहून ठेवली, तर त्या वेळी थोडक्या पैशांत खरेदी होते.

फुकट पीडीएफचा मोह

आता एक कटू विषय. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गाजलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात. पाठविणारा सद्भावनेने पाठवितो, 'वाचनसंस्कृती वाढावी' असेही वर लिहितो. परंतु हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची अशी प्रत म्हणजे उघड चोरी आहे. जाणूनबुजून केलेल्या स्वामित्वभंगास कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

कायद्याचा धाक क्षणभर बाजूला ठेवू. ज्या भाषेत आवृत्ती हजार प्रतींची असते, तेथे शंभर प्रती चोरीला गेल्या तर दुसरी आवृत्ती निघत नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही की प्रकाशक त्या लेखकाची पुढील कादंबरी घेण्यास कचरतो. इंग्रजीसारख्या भाषेला असा घाव सोसतो. मराठीला सोसत नाही. यंत्राचा एक सुटा भाग कारखान्यातून न विचारता घरी नेणे आपणांस लाजिरवाणे वाटते. लेखकाच्या श्रमाविषयीही तीच नीती असली पाहिजे. पीडीएफ आली तर दोन गोष्टी पाहाव्यात. लेखक जाऊन साठ वर्षे झाली आहेत काय? लेखकाने किंवा प्रकाशकाने ती स्वतः विनामूल्य दिली आहे काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर ती पुढे धाडू नये.

मर्यादा ओळखून वापर

ई-पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा आपल्या मालकीचे नसते, आपणांस केवळ वाचण्याची परवानगी मिळालेली असते. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. सर्वसत्ताधीश राज्यावरील कादंबरीच अशी नाहीशी व्हावी, हा दैवदुर्विलासच! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले; वाचकांचे पैसे परत केले, पुस्तके मात्र गेली. आपल्याकडेही न्यूजहंट, म्हणजे पुढचे डेलीहंट, एके काळी अत्यल्प दरात मराठी ई-पुस्तके विकत असे; तेही दालन बंद झाले.

यातून एक व्यवहार्य नियम निघतो. एकदा वाचावे असे वाटणारे पुस्तक ई-रूपात घ्यावे. ते मनाला भिडले, मुलांनी पुढे वाचावे असे वाटले, तर त्याची छापील प्रत घेऊन घरातील कपाटात ठेवावी. स्वामित्वमुक्त पुस्तके उतरवून घरच्या संगणकावर जपून ठेवावीत. आणि लहान मुलांच्या हाती शक्यतो छापील पुस्तकच द्यावे. वाचनाच्या निमित्ताने हाती आलेला मोबाइल कोणत्या क्षणी दुसरीकडे वळेल, याचा भरवसा नसतो.

एक छोटी योजना

भाषण ऐकून निश्चय होतात आणि सोमवारच्या पहिल्या पाळीबरोबर विरतात. म्हणून एक लहानशी योजना मांडतो. प्रत्येक कुटुंबाने महिन्याला दोनशे रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढावेत. वर्षाचे चोवीसशे होतात. एका महिन्यात समकालीन लेखकाचे ई-पुस्तक विकत घ्यावे, पुढच्या महिन्यात एखादे जुने स्वामित्वमुक्त पुस्तक वाचावे. वाचलेल्या पैशांतून दिवाळीला एक-दोन छापील पुस्तके घरी आणावीत. रविवारी रात्री जेवणानंतर वीस मिनिटे घरातील एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. मुलांना वाचावयास द्यावे. ती अडखळली तर हसू नये. वसाहतीतील पाच-सहा कुटुंबांनी महिन्यातून एकदा जमून, कोणी काय वाचले एवढेच एकमेकांस सांगावे.

आणि जे वाचतात त्यांतून काही लिहितेही होतील. रात्रपाळीचे, जमिनी गेलेल्या शेतकऱ्याचे, कंत्राटी कामगाराचे, गावाकडे पैसे पाठवीत राहणाऱ्या तरुणाचे अनुभव या पट्ट्याच्या घराघरांत आहेत. ते लिहिण्याचा अधिकार आणि सामर्थ्य येथील माणसांइतके कोणाकडे असणार? पूर्वी पहिले पुस्तक काढण्यासाठी मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांचे उंबरठे झिजवावे लागत. आज ई-पुस्तकामुळे तो अडसर पुष्कळ कमी झाला आहे. चाकणच्या एखाद्या कामगाराची कादंबरी उद्या आपण या सभागृहात वाचू, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही. मात्र त्याला विकत घेऊन वाचणारे वाचक आधी आपण व्हावयास हवे.